मांजरं, दोर आणि मुसळं : रोजची इंग्रजी वाक्यं फ्रेंचमध्ये नेताना

फ्रेंच शिकायला लागून महिना झाला की वर्गात कोणीतरी विचारतंच, "'यू आर वेलकम'ला फ्रेंचमध्ये काय म्हणायचं?" एका शब्दात उत्तर मिळेल अशी त्याची अपेक्षा असते. खरं तर शिक्षकाने उलट विचारायला हवं, "कोण म्हणतंय? कोणाला? कुठे?" मित्राला पेन दिलं आणि तो 'मेर्सी' म्हणाला, तर 'द रियँ'. बँकेतल्या बाईंनी आभार मानले, तर 'झ वू झाँ प्री'. तुलूझच्या बाजूला दुकानदार 'आव्हेक प्लेझीर' म्हणतो, म्हणजे 'आनंदाने'. स्वित्झर्लंडच्या फ्रेंच भागात नुसतं 'सेर्व्हिस' कानावर पडतं. माँट्रियलमध्ये कॉफी देणारा पोरगा 'बियँव्हन्यू' म्हणून मोकळा होतो, कारण त्याने 'वेलकम' जसंच्या तसं उचललेलं असतं. पॅरिसमध्ये आभाराला 'बियँव्हन्यू' असं उत्तर दिलं, तर हा आपल्याला कुठे आत बोलावतोय, असा प्रश्न समोरच्याला पडेल.

आपल्याला यात हसण्यासारखं फार काही नाही. 'धन्यवाद' म्हटल्यावर 'तुमचं स्वागत आहे' असं उत्तर देणारी मराठी आपल्या मोबाइलवर हल्ली सर्रास दिसते. तीही त्याच इंग्रजी वाक्याची पोर.

रोजच्या वापरातली इंग्रजी वाक्यं फ्रेंचमध्ये नेण्याचा उद्योग सहाशे वर्षांहून जुना आहे. त्याच्यावर पुस्तकं झाली, सिद्धान्त झाले, कायदे झाले आणि आता यंत्रंही झाली. त्या सगळ्यांपुढे प्रश्न एकच होता : भाषांतर करायचं ते शब्दांचं, की ते शब्द ज्या प्रसंगी निघतात त्या प्रसंगाचं?

सराईपासून सुरुवात

१०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि दरबाराची भाषा फ्रेंच झाली. तीनेकशे वर्षांनी चित्र असं झालं की इंग्रज माणसाला फ्रेंच मुद्दाम शिकावी लागू लागली. त्या गरजेतून संभाषणाच्या पुस्तिका निघाल्या. १३९६ सालची अशी एक पुस्तिका प्रसिद्ध आहे. प्रवासी रस्ता विचारतो, सराईत उतरतो, खाणंपिणं मागवतो, अशी तिची मांडणी. कॅक्स्टनने इंग्लंडमध्ये छापखाना काढल्यावर थोड्याच वर्षांत, १४८० च्या सुमारास, फ्रेंच-इंग्रजी संवादांचं पुस्तक छापलं. पुढे फ्रान्समधून आश्रयाला आलेला क्लोद द साँलियाँ हा प्रॉटेस्टंट शिक्षक लंडनमध्ये क्लॉडियस हॉलिबँड या नावाने फ्रेंच शिकवू लागला. १५७३ मध्ये त्याचं जे पाठ्यपुस्तक निघालं, त्यातही घर, शाळा, बाजार अशा प्रसंगांतले संवादच मुख्य होते.

म्हणजे या जुन्या मास्तरांना सिद्धान्त ठाऊक नसला तरी गोम कळलेली होती. त्यांनी सराईचा दरवाजा उघडला आणि आत शिरलेला माणूस काय बोलतो ते लिहून घेतलं. शब्दांच्या याद्या आल्या त्या त्या बोलण्याच्या ओघात.

ही गोम विसरली की काय होतं, याचा नमुना १८५५ मध्ये पॅरिसात छापला गेला. पेद्रू कारोलिनू नावाच्या गृहस्थाने पोर्तुगीज लोकांसाठी इंग्रजी संभाषणाचं पुस्तक काढलं. त्याला इंग्रजी येत नव्हतं, आणि त्याने आधीचं पोर्तुगीज-फ्रेंच पुस्तक समोर ठेवून त्यातल्या फ्रेंचचं शब्दकोशाच्या आधाराने इंग्रजी केलं, असं अभ्यासक मानतात. फ्रेंचमध्ये 'क्रोके ल मार्मो' म्हणजे ताटकळत उभं राहणं. कारोलिनूच्या पुस्तकात त्याचं इंग्रजी झालं 'माकड कराकरा चावणे'. पुढे हे पुस्तक विनोदी वाङ्मय म्हणून गाजलं आणि १८८३ च्या अमेरिकन आवृत्तीला चक्क मार्क ट्वेनने प्रस्तावना लिहिली. कारोलिनूची दिशा आपल्या विषयाच्या उलटी आहे, पण त्याची वाट ध्यानात ठेवावी : एका भाषेतून दुसरीत जाताना मध्ये तिसरी घेतली आणि शब्दकोशावर भिस्त ठेवली. मराठी विद्यार्थी इंग्रजीमार्गे फ्रेंचकडे जातो, तेव्हा तोही याच वाटेने चालत असतो.

रस्त्यावरच्या पाट्या

या विषयाला शास्त्राची बैठक मिळाली ती १९५८ मध्ये. झाँ-पोल व्हिने आणि झाँ दार्बलने या कॅनडात शिकवणाऱ्या दोन फ्रेंच अभ्यासकांनी फ्रेंच आणि इंग्रजी शैलींची तुलना करणारा ग्रंथ लिहिला. त्याची सुरुवात होते न्यूयॉर्कहून माँट्रियलकडे जाणाऱ्या रस्त्यावर. अमेरिकेच्या हद्दीत पाटी लागते 'स्लो'. कॅनडाच्या हद्दीत तिच्या शेजारी फ्रेंच पाटी, 'लाँतमाँ'. व्याकरण बरोबर, अर्थ बरोबर, तरी फ्रेंच माणूस थबकतो. फ्रान्समध्ये तिथे 'रालाँतीर' लिहिलेलं असतं, 'वेग कमी करणे', क्रियापदाचं मूळ रूप. 'लाँतमाँ' म्हणजे नुसतं 'हळू'. इंग्रजीला एक विशेषण पुरतं, फ्रेंचला क्रियापद लागतं आणि आपल्या घाटात पाटी असते 'वाहने सावकाश हाका'. मराठीला आज्ञा करायची तर अदबीने करावी लागते. एकच वळण, तीन व्याकरणं.

या दोघांनी भाषांतराच्या सात तऱ्हा सांगितल्या. शब्द सरळ उसना घेणं, त्याच्या घडणीची नक्कल करणं, शब्दशः भाषांतर, शब्दाची जात बदलणं, पाहण्याची बाजू बदलणं, त्याच प्रसंगी दुसरी भाषा जे म्हणते ते ठेवणं आणि प्रसंगच बदलणं. पुढच्या पिढ्यांनी या यादीवर टीका केली. तऱ्हा एकमेकींत मिसळतात, हे खरंच आहे. पण यादीतली सहावी तऱ्हा आपल्या विषयाचा गाभा आहे. तिच्यासाठी त्यांनी दिलेलं उदाहरण हातोड्याचं. खिळा ठोकताना बोटावर बसली तर इंग्रज 'आउच' म्हणतो, फ्रेंच माणूस 'आय' म्हणतो. आपण 'आई गं!' म्हणतो. इथे शब्दाचं भाषांतर होऊच शकत नाही, भाषांतर होतं ते कळ येण्याचं.

त्यांचं दुसरं एक निरीक्षण मराठी वाचकाला विशेष रस वाटावं असं आहे. नदी पोहून पार केली, हे इंग्रजी सांगते तेव्हा 'पोहणे' हे क्रियापद होतं आणि 'पार' हा छोटा शब्द मागून येतो. फ्रेंचमध्ये अगदी उलट. क्रियापद 'ओलांडणे' आणि 'पोहत' हे शेपटाला : 'इल त्राव्हर्सा ला रिव्हिएर आ ला नाझ'. इंग्रजीवर वाढलेला विद्यार्थी इथे हमखास अडखळतो. मराठी माणसाने मात्र स्वतःच्या वाक्याकडे पाहावं : 'त्याने पोहत नदी ओलांडली', 'ती धावत रस्ता ओलांडून गेली'. क्रियापदात ओलांडणं, आणि पोहणं-धावणं बाजूला. अगदी फ्रेंचसारखंच!

ताटावरून उठताना

म्हणींपेक्षा साधी वाक्यं जास्त घात करतात, कारण त्यांत काही अवघड आहे असं वाटतच नाही.

पॅरिसच्या घरी जेवायला गेलेल्या मुलीने पोट भरल्यावर 'आय ॲम फुल'चं फ्रेंच जुळवलं, 'झ स्वी प्लेन', तर टेबलावर हशा पिकतो. 'प्लेन' हे गाईम्हशींसाठी वापरलं तर अर्थ होतो गाभण. मुलाने 'झ स्वी प्लँ' म्हटलं तर तो टुन्न झालाय असं वाटेल. म्हणायचं असतं 'झे बियँ माँझे', चांगलं जेवलो. आग्रह झाल्यावर हात किंचित वर करून नुसतं 'मेर्सी' म्हटलं, तर त्याचा अर्थ 'नको' होतो. आभाराच्या शब्दाने वाढणं थांबतं, हे ठाऊक नसलेला पाहुणा उपाशी राहू शकतो.

'आय ॲम हॉट'चंही तसंच. उकडतंय तर 'झे शो', म्हणजे 'मला उष्णता आहे'. इंग्रजीसारखं 'मी उष्ण आहे' असं शब्दशः वाक्य केलं तर ते कामवासनेकडे झुकतं. 'आय ॲम एक्सायटेड'चं 'झ स्वी एक्सिते' हेही तिकडेच घसरतं. सहलीची उत्सुकता सांगायची तर 'झे आत', मला घाई आहे. 'आय ॲम फिनिश्ड'चं 'झ स्वी फिनी' केलं तर अर्थ निघतो 'मी संपलो, बुडालो'. काम आटोपलं असेल तर 'झे फिनी'. मराठीत हाच भेद 'मी संपलो' आणि 'माझं झालं' यांत आहे, आणि त्यात आपण कधी चुकत नाही.

भुकेचं पाहा. इंग्रज स्वतः भुकेला 'असतो', फ्रेंच माणसाकडे भूक 'असते' ('झे फँ'), मराठी माणसाला भूक 'लागते'. इंग्रजीत भूक विशेषण होऊन माणसात मुरते. फ्रेंच आणि मराठी तिला नाम ठेवतात, माणसाच्या जराशी बाहेर.

'आय मिस यू' हे वाक्य तर फ्रेंचमध्ये नेताना उलटंच करावं लागतं. इंग्रजीत उणीव जाणवणारा कर्ता असतो. फ्रेंचमध्ये जो दूर आहे तो कर्ता : 'त्यू म माँक', तू मला कमी पडतोस. नवशिका सुलट लिहितो आणि 'मी तुला कमी पडतो' असं प्रेमपत्र धाडतो. मराठीत कर्ता आणखी तिसराच, आठवण. ती 'येते', मी फक्त तिला सामोरा जातो. पण 'तुझी उणीव भासते' या वाक्याशेजारी 'त्यू म माँक' ठेवलं की दोन्हींची कळ एकच आहे हे दिसतं. आणि इंग्रजीला जिथे 'हॅव बीन लिव्हिंग' असं लांबलचक रूप लागतं, तिथे 'मी दहा वर्षांपासून पुण्यात राहतो' हा साधा वर्तमानकाळ फ्रेंचलाही पुरतो : 'झाबीत पून दप्वी दी झाँ'.

आता एक वाक्य जरा जवळून पाहू. 'आर यू रेडी?' इंग्रजीत तीन शब्द. फ्रेंचमध्ये लिहायला घेतलं की सहा वाक्यं समोर उभी राहतात. ऐकणारा 'त्यू' आहे की 'वू'? पुरुष की स्त्री? 'वू' असेल तर एक की अनेक? 'त्यू ए प्रे', 'त्यू ए प्रेत', मग 'वू झेत प्रे' आणि 'वू झेत प्रेत', आणि शेवटच्या दोघांची अनेकवचनं, जी उच्चारात एकवचनासारखीच पण लिहिताना वेगळी. (स्त्रीलिंगी रूप मराठी कानाला दचकवतं खरं; मैत्रिणीला रोज 'प्रेत आहेस का' विचारायची सवय व्हायला वेळ लागतो.) इंग्रज माणसाला हे सगळं नवं शिकावं लागतं. 'तयार झालास का, झालीस का, झालात का' म्हणणाऱ्याला ते मुळात ठाऊक असतं. सासऱ्यांना 'झालात का' आणि धाकट्या भावाला 'झालास का' म्हणताना आपण क्षणभरही विचार करत नाही. फ्रेंचमधलं 'त्यू-वू' इंग्रजीतून समजून घ्यायचं म्हणजे घरातली वस्तू शेजाऱ्याकडून उसनी आणणं.

सैतान, लांडगा आणि शंभर वर्षं

म्हणी आणि वाक्प्रचारांत प्रत्येक भाषा आपल्या अंगणातली जनावरं घेऊन येते. मुसळधार पावसात इंग्रजांकडे मांजरं-कुत्री पडतात, फ्रेंचांकडे दोर पडतात ('इल प्ल दे कॉर्द') आणि आपल्याकडे मुसळं. घशात खरखर झाली तर इंग्रजांच्या घशात बेडूक असतो, फ्रेंचांच्या मांजर. डुकरं उडतील तेव्हा, असं इंग्रज म्हणतो, तिथे फ्रेंच कोंबड्यांना दात येण्याची वाट पाहतो आणि आपण सूर्य पश्चिमेला उगवण्याची. इंग्रज अंड्यातून बाहेर न आलेली पिल्लं मोजतो, फ्रेंच माणूस न मारलेल्या अस्वलाचं कातडं विकतो. आपल्याकडे बाजारात तुरी असतात आणि भट भटणीला मारतो. कोणाचा निरोप न घेता सटकणं म्हणजे इंग्रजीत 'फ्रेंच रजा', तर फ्रेंचमध्ये 'इंग्रजी पद्धतीने पसार होणं'. शेजाऱ्यांचं एकमेकांबद्दलचं मत यात अचूक उतरलं आहे.

ज्याच्याबद्दल बोलत होतो तोच दारात उभा, अशा वेळी इंग्रजीत सैतान येतो, फ्रेंचमध्ये लांडगा. आपण मात्र त्या माणसाला म्हणतो, "शंभर वर्षं आयुष्य आहे तुला." प्रसंग तोच, योगायोगही तोच. पण दोघे कुजबुजून दचकतात आणि तिसरा आशीर्वाद देतो. इथे लांडग्याच्या जागी सैतान घातल्याने बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरचे भाव फारसे बदलत नाहीत. मराठीतून फ्रेंचमध्ये जाताना मात्र ते पार बदलतात. समतुल्य वाक्प्रचार मिळाला म्हणून सगळं मिळालं असं होत नाही.

या मुद्द्यावर फ्रान्समध्येच दोन तट आहेत. पॅरिसच्या दुभाष्यांच्या विद्यालयात डानित्सा सेलेस्कोविच आणि मारियान लेदेरेर यांनी 'अर्थाचा सिद्धान्त' मांडला. दुभाष्याच्या डोक्यात आधी मूळ शब्द गळून पडतात, उरतो तो आशय, आणि मग तो दुसऱ्या भाषेच्या सहज बोलीत उमटतो. परिषदेत कानाला यंत्र लावून बसलेल्या माणसाला हे लगेच पटेल. सैतान की लांडगा, याचा विचार करत बसला तर पुढची दोन वाक्यं हुकतील.

विरुद्ध बाजूला होता आंत्वान बेर्मान. इंग्रजी वाक्प्रचाराच्या जागी ठोकळेबाज फ्रेंच वाक्प्रचार बसवणं म्हणजे परक्या माणसाला आपले कपडे चढवणं, असं त्याचं म्हणणं थोडक्यात सांगता येईल. त्याचं आवडतं उदाहरण जोसेफ कॉनरॅडच्या 'टायफून'चं, जे फ्रेंचमध्ये आंद्रे झीदने आणलं. कादंबरीतला एक खलाशी वैतागून आपल्या जहाजाची तुलना लंडनच्या बेडलम या वेड्यांच्या रुग्णालयाशी करतो. फ्रेंच वाचकाला कळावं म्हणून तिथे पॅरिसजवळचं शाराँताँ घालता आलं असतं. झीदने बेडलम तसंच ठेवलं. मराठी अनुवादकाला या जागी येरवडा किंवा ठाणं घालायचा मोह होईल. एखाद्या ठिकाणी खपूनही जाईल. पण हेच पानोपानी केलं तर चीनच्या समुद्रात वादळात सापडलेला इंग्रज खलाशी सदाशिव पेठेत वाढलेला वाटू लागेल, आणि बेर्मानचा आक्षेप नेमका हाच होता.

भांडण मिटण्यासारखं नाही, पण त्याची हद्द आखता येते. कादंबरीत खलाशाचा परकेपणा हा ऐवज आहे, तो जपावा. रेल्वे स्थानकावर तो अडचण आहे. लंडनची भुयारी रेल्वे प्रवाशाला 'फट' सांभाळायला सांगते, पॅरिसची मेट्रो उतरताना 'पायरी' सांभाळायला. तिथे फटीचा मूळ सुगंध टिकवायला जाल, तर कोणीतरी तोंडावर आपटेल.

क्वेबेकचा पहारा

फ्रेंच एकाच गावाची नाही, ही गोष्ट शिकणाऱ्याला उशिरा कळते. इंग्रजीच्या समुद्रात बेटासारखा वसलेला क्वेबेक प्रांत रोजच्या वाक्यांच्या बाबतीत फ्रान्सपेक्षा कितीतरी जागरूक आहे. १९७७ च्या भाषा सनदेने, म्हणजे तिथे 'लोआ साँ-अँ' नावाने ओळखल्या जाणाऱ्या १०१ क्रमांकाच्या कायद्याने, फ्रेंच ही कामाची, व्यापाराची, पाट्यांची भाषा केली. चौकातल्या लाल अष्टकोनावर क्वेबेकमध्ये 'आरे' लिहिलेलं असतं. फ्रान्समध्ये तिथे बिनदिक्कत 'स्टॉप' असतं. फ्रेंच माणूस 'वीकेंड'ला जातो, क्वेबेकवासी 'फँ द स्मेन'ला. ईमेलसाठी 'कूरिएल' हा शब्द क्वेबेकने रुळवला. २००३ मध्ये फ्रान्सने तो सरकारी कामकाजासाठी मान्य केला, तरी पॅरिसच्या कचेऱ्यांत अजून 'मेल'च पाठवले जातात. सगळ्यांत गंमत सिनेमाच्या नावांची. 'द हँगओव्हर' क्वेबेकमध्ये 'लाँदमँ द व्हेय' या अस्सल फ्रेंच नावाने लागला. फ्रान्समध्ये त्याचं नाव ठेवलं 'व्हेरी बॅड ट्रिप', म्हणजे एक इंग्रजी काढून दुसरी इंग्रजी.

असा पहारा असूनही वाक्यरचना मागच्या दाराने आत शिरते. 'बियँव्हन्यू' त्यातलंच. 'फेर द्यू साँस' हे 'मेक्स सेन्स'वरून आलं, 'प्राँद्र युन मार्श' हे 'टेक अ वॉक'वरून. शब्द सगळे शुद्ध फ्रेंच, सांगाडा इंग्रजी. कायदा पाटीवरचा शब्द पकडू शकतो, वाक्याची चाल पकडणं त्याला जमत नाही. २०१७ मध्ये क्वेबेकच्या विधिमंडळाने एकमताने ठराव केला की दुकानदारांनी गिऱ्हाइकाचं स्वागत 'बोंझूर'ने करावं. कारण माँट्रियलमध्ये 'बोंझूर-हाय' अशी जोडगोळी रुजली होती. दोन शब्दांच्या नमस्कारावर विधिमंडळ चर्चा करतं, यावरून प्रसंगाची भाषा किती नाजूक असते ते कळतं. दुकानांच्या मराठी पाट्यांचे वाद पाहिलेल्यांना ही नस चांगलीच ओळखू येईल.

यंत्राच्या कानाने

यंत्रांच्या इतिहासातही इंग्रजी-फ्रेंच ही जोडी पुढे राहिली, आणि त्याचं श्रेय पुन्हा कॅनडाकडे जातं. १९७० च्या दशकात माँट्रियल विद्यापीठात तयार झालेली यंत्रणा सरकारी हवामानवृत्तं इंग्रजीतून फ्रेंचमध्ये करू लागली. ती यशस्वी झाली कारण तिचं जग लहान होतं : पाऊस, बर्फ, वारा, तापमान. प्रसंग आधीच ठरलेला असला की वाक्य आपोआप जागेवर बसतं.

दुसरा टप्पा १९९० च्या सुमारास. आय.बी.एम.च्या संशोधकांनी कॅनडाच्या संसदेचं द्विभाषिक कामकाज यंत्राला खाऊ घातलं. व्याकरण शिकवलं नाही, नुसती शेजारशेजारची वाक्यं मोजायला लावली. यंत्राने काढलेल्या एका निष्कर्षाची आजही आठवण निघते. इंग्रजी 'हिअर' म्हणजे ऐकणे, याचं फ्रेंच यंत्राने ठरवलं 'ब्राव्हो', आणि तेही ०.९९२ इतक्या संभाव्यतेने. 'ऐकणे'चा नेहमीचा फ्रेंच शब्द उरलेल्या चिमूटभरात. यंत्र चुकलं नव्हतं. संसदेत 'हिअर, हिअर' हा बाकं वाजवण्याचा शाब्दिक प्रकार आहे, आणि फ्रेंच सदस्य तिथे 'ब्राव्हो'च म्हणतो. शब्दकोशाला जे सांगता आलं नसतं ते मोजणीने सांगितलं. पण हेच यंत्र कानाच्या डॉक्टरकडे नेलं असतं तर? रुग्ण म्हणणार, 'मला ब्राव्हो येत नाही.'

पुढे लिंग्वी आणि रेव्हेर्सोसारख्या सेवांनी हीच कल्पना सामान्य माणसाच्या हातात दिली. वाक्प्रचार टाका आणि तो खऱ्या मजकुरात कसकसा वापरला गेलाय ते समोरासमोर पाहा. २०१६ च्या अखेरीस गूगलने इंग्रजी-फ्रेंचसह काही भाषाजोड्या मज्जाजालांवर आधारित पद्धतीकडे वळवल्या, पुढच्या वर्षी डीपएल आलं, आणि आज 'इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' टाकलं तर यंत्र बिनचूक दोर पाडतं. म्हणी ही आता अडचण राहिलेली नाही, कारण त्या ठरीव असतात आणि हजार ठिकाणी सापडतात.

अडचण उरली आहे ती 'आर यू रेडी?'ची. एकटं वाक्य दिलं की यंत्र सहांतलं एक उचलतं. 'त्यू' हवं की 'वू', हे निवडायची सोय काही ठिकाणी आहे, पण ते निवडायला आधी समोरचा कोण हे ठाऊक हवं. 'आय ॲम टायर्ड' म्हणणारी बाई आहे की पुरुष, हे इंग्रजी सांगत नाही, फ्रेंच विचारल्याशिवाय राहत नाही, आणि यंत्र बहुधा पुरुष गृहीत धरतं. थकलो की थकले, हा प्रश्न मराठी माणसाला मात्र तोंड उघडण्याआधीच सुटलेला असतो.

आडवाट सोडून

पुण्या-मुंबईत फ्रेंच शिकणारे पुष्कळ आहेत. कोणाला बारावीत गुण हवे असतात, कोणाला कॅनडाची परीक्षा द्यायची असते. बहुतेकांच्या वहीत डावीकडे इंग्रजी वाक्य आणि उजवीकडे फ्रेंच अशी दोनच खाती असतात. मराठीचं खातं कोणी काढतच नाही. या सहाशे वर्षांच्या खटाटोपातून एक गोष्ट घ्यायची, तर हे तिसरं खातं काढावं. इंग्रजी वाक्य समोर आलं की आधी पाहावं, हे कोण कोणाला कधी म्हणतंय. मग, त्याच जागी आपण घरी काय म्हणतो. आणि मग फ्रेंच. 'यू आर वेलकम'ला आपण म्हणतो 'अहो, त्यात काय एवढं!' 'द रियँ' म्हणजे 'काहीच नाही', आणि 'इल नी आ पा द क्वा' म्हणजे 'आभार मानण्यासारखं काही नाही'. इंग्रजीतल्या स्वागतापेक्षा आपलं 'त्यात काय' त्यांच्या कितीतरी जवळ उभं आहे.

अर्थात मराठीही जागोजागी फसवते. आपण आभार क्वचित मानतो आणि विनंती क्रियापदातच मुरवतो. 'जरा पाणी देता का' यात 'प्लीज' कुठेच नसतं, तरी उद्धटपणा नसतो. ते जसंच्या तसं फ्रेंचमध्ये नेलं आणि 'सिल वू प्ले' गाळलं तर वेटरचा चेहरा पडतो. पॅरिसच्या बेकरीत 'बोंझूर' न म्हणता थेट पाव मागणं हा असभ्यपणा ठरतो, आणि आपल्याकडे वाण्याच्या दुकानात शिरून 'अर्धा किलो साखर द्या' म्हणण्यात काहीच वावगं नाही. 'जेवलीस का?' या मराठी कुशलप्रश्नाचं शब्दशः फ्रेंच केलं, तर समोरची व्यक्ती जेवणाच्या आमंत्रणाची वाट पाहत बसेल. तिसरं खातं उपयोगी आहे ते प्रसंग ओळखायला. शब्द मात्र फ्रेंचांकडूनच घ्यायचे.

निघताना मराठी माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. हे शब्दशः फ्रेंचमध्ये केलं, 'झ व्हियँ', तर यजमान दार उघडं धरून, हा बाहेर जाऊन परत कधी येतोय, याची वाट पाहील. पण फ्रेंच माणूस दारात काय म्हणतो? 'ओ रव्हार'. शब्द फोडून पाहिला तर 'पुन्हा दिसण्यापर्यंत'. 'जातो' हा शब्द त्यालाही तोंडातून काढायचा नसतो.